स्टीम डेकची बॅटरी कल्याण यायच्या आत संपते, प्रवासात नीट वापरायचं कसं?

पंचवटी_पास

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याने नवीन ओएलईडीवाला स्टीम डेक (व्हॉल्व्ह कंपनीचं हातात धरून खेळायचं मशीन, त्यांच्याच स्टीम या ऑनलाइन दुकानातले गेम चालवणारं) घेतला आणि स्वतःचा जुना एलसीडीवाला २५६ जीबीचा दिवाळीला येताना मला आणून दिला. मी आठवड्यातून तीन दिवस नाशिकरोडहून पंचवटीने मुंबईला ऑफिसला जातो, पास आहे, जागा बहुतेक मिळते, म्हणजे जाताना तीन-सव्वातीन तास आणि येताना तेवढेच असे हातात असतात. घरी आल्यावर मुलीचा अभ्यास, आईची औषधं, स्वयंपाकाला हातभार, यात गेली पाच-सहा वर्षं गेम खेळणं बंदच पडलं होतं. त्यामुळे कॉलेजनंतर सुटलेली एक गोष्ट परत हाताशी आल्यासारखं झालंय मला, म्हणून नीट शिकून वापरायचंय.

आता अडचण अशी की विचर ३ हा गेम लावला की पूर्ण चार्ज असूनही दीड तास, फार तर एक तास चाळीस मिनिटं. इगतपुरी जाते, घाट उतरतो, कसारा मागे पडलं की बॅटरी कमी असल्याची सूचना येते आणि कल्याण यायच्या आत मशीन बंद. फॅनचा आवाज पण एवढा होतो की शेजारी डुलकी घेणारे काका उठतात, मलाच अवघडल्यासारखं होतं. एकदा घाटात नेटवर्क गेलं आणि नवीन डाउनलोड केलेला गेम सुरूच झाला नाही, नुसतं गोल फिरत बसलं. जागाही संपत आलीये, कार्ड घ्यायचं तर कोणतं? आणि ऑफिसमधला एक मित्र म्हणतो की विंडोज टाक, सगळं चालेल, फुटबॉलचा एफसी पण चालेल. टाकू का? मला कॉम्प्युटरचं बऱ्यापैकी कळतं पण लिनक्स कधी वापरलेलं नाही. सविस्तर सांगितलंत तरी चालेल, वाचायला गाडीत वेळच वेळ आहे.

वॅट_मोजा

दादा, सगळ्यात आधी उजव्या हाताचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, त्यात बॅटरीच्या चित्राचा टॅब आहे, तिथे परफॉर्मन्स ओव्हरले नावाची पट्टी दिसेल, ती दोन-तीनवर न्या. स्क्रीनच्या कडेला आकडे येतील. त्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं) सगळे बघतात पण तुम्ही बॅटरीपुढचे वॅट बघा. तुमच्या डेकची बॅटरी ४० वॅट-अवरची आहे (ओएलईडीवाल्याची ५०). ४० ला त्या वॅटच्या आकड्याने भागलं की तेवढे तास, इतकं सरळ आहे. तुम्हाला एक तास चाळीस मिनिटं मिळतायत म्हणजे मशीन २४ वॅट खातंय, म्हणजे जवळजवळ जेवढं खाऊ शकतं तेवढं सगळं. त्यातले प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून जास्तीत जास्त १५, बाकीचं स्क्रीन, रॅम, वायफाय, स्पीकर, फॅन. तुम्हाला सव्वातीन तास हवेत तर १२ वॅटच्या आसपास यायला लागेल. आता पुढचं सगळं या एका आकड्याभोवती करायचं.

पहिली गोष्ट, ६० एफपीएसचा नाद सोडा आणि ४० लावा. त्याच टॅबमध्ये फ्रेम लिमिटचा स्लायडर आहे, ४० ठेवलं की एलसीडी डेकवर स्क्रीनही ४० हर्ट्झवर येते त्यामुळे चित्र अडखळत नाही. ३० ला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची असते, ६० ला साधारण १७ ची, आणि ४० ला बरोबर २५ ची, म्हणजे वेळेच्या हिशोबाने ४० हे ३० आणि ६० च्या अगदी मधोमध बसतं, आकडा बघून ते ३० च्या जवळचं वाटतं पण हाताला तसं लागत नाही. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा अर्धा तास विश्वासच बसत नव्हता. ओएलईडीवाल्यांनी ४५ ठेवावं, त्यांची स्क्रीन ९० ची असल्यामुळे ते बरोबर निम्मं होतं.

दुसरी, विचर ३ मध्ये २०२२ च्या डिसेंबरला मोठं अपडेट आलं तेव्हापासून तो जड झालाय. सुरुवातीच्या लाँचरमध्ये डायरेक्टएक्स (ग्राफिक्स चालवायची पद्धत) ११ आणि १२ विचारतो तिथे ११ निवडा, रे ट्रेसिंगचा (खऱ्यासारखा प्रकाश) विचार सोडून द्या, हेअरवर्क्स (केसांचा जास्तीचा इफेक्ट) बंद, सावल्या आणि झाडंझुडपं मध्यमच्याही खाली. सात इंचाच्या स्क्रीनवर झाडाची सावली कमी दाट आहे हे गाडी हलत असताना कुणालाही दिसत नाही पण वॅट मात्र तिथेच जातात. एवढ्यानेही समाधान झालं नाही तर स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीज, बीटा, तिथे जुनं १.३२ व्हर्जन ठेवलेलं आहे, ते अजून हलकं. फक्त जुन्या-नव्या व्हर्जनचे सेव्ह एकमेकांत मिसळू नका.

तिसरी, हे सगळं झाल्यावर टीडीपी लिमिट (चिपने जास्तीत जास्त किती वॅट खायचे त्याची मर्यादा) चालू करा. १५ वरून एकेक वॅट खाली आणा, १२, ११, १०, आणि गर्दीच्या जागी उभं राहून बघा. म्हणजे गेममधल्या नोव्हिग्राड शहराच्या बाजारात, रिकाम्या माळावर नाही. जिथे ४० तुटायला लागेल तिथून एक वॅट वर घ्या आणि सोडून द्या. लोक इथे चूक करतात, आधीच टीडीपी ८ वर आणतात, मग गेम गुदमरतो आणि म्हणतात मशीन स्लो आहे. आधी गेमचं काम कमी करायचं, मगच खुराक कमी करायचा. आणि वरती पर-गेम प्रोफाइल चालू करायला विसरू नका, नाहीतर हीच बंधनं सगळ्या गेमला लागतील.

ब्राइटनेस निम्म्यावर, वायफाय बंद, एवढं केलंत की विचर अडीच तासांच्या पुढेमागे जाईल असा माझा अनुभव आहे. सव्वातीन होणार नाही, उगाच आशा लावत नाही. पण हेडीससारखा गेम १० वॅटच्या आसपास चालतो आणि स्टार्ड्यू व्हॅली सात-आठमध्ये, म्हणजे घाटापर्यंत विचर आणि पुढे हलका गेम अशी वाटणी करता येते. फॅनचं पण याच्यातच उत्तर आहे, १५ वॅट जाळायचेच नाहीत तर फॅन ओरडणार कशाला.

आणि हो, मशीन जुनं आहे म्हणालात तर बॅटरीची तब्येत बघा. डेस्कटॉप मोडमध्ये जा, इन्फो सेंटर उघडा, त्यात एनर्जी. मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. ४० ची ३५ झाली असेल तर माझे सगळे हिशोब त्या प्रमाणात कमी धरा.

साठ_हवेतच

४० एफपीएस ठीक आहे पण सरसकट सल्ला म्हणून देऊ नका. मी फायटिंग गेम आणि रेसिंग खेळतो, तिथे ६० च्या खाली गेलं की हात आणि चित्र जुळतच नाही. माझं म्हणणं असं की डेकवर जड गेम खेळायचाच कशाला, घरी चांगला पीसी असेल तर गेम तिथे चालवा आणि डेकवर फक्त चित्र घ्या. पीसीवर सनशाइन आणि डेकवर मूनलाइट ही सॉफ्टवेअर टाकायची, पीसी राउटरला केबलने जोडलेला आणि डेक ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर. डेकला फक्त व्हिडिओ उलगडायचा असल्याने सात-आठ वॅटमध्ये काम होतं, फॅन ऐकूसुद्धा येत नाही, आणि पीसीची सगळी सेटिंग्ज अल्ट्रावर. मी गच्चीत बसून असं रोज खेळतो.

वॅट_मोजा

घरासाठी तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, मीही घरी तसंच करतो. पण दादा गाडीत आहेत, कसाऱ्याच्या बोगद्यात स्ट्रीमिंग कुठून येणार. फायटिंग गेमचं मान्य, तिथे ६० च ठेवा, ते गेम तसेही बरेचदा हलके असतात, ६० वर ठेवूनही १२-१३ वॅटमध्ये बसतात.

चंद्रपूरचं_ऊन

पंचवटीभाऊ, गरम होण्याबद्दल आमच्याकडून ऐका, कारण मे महिन्यात आमच्या इथे ४५-४६ होऊन जातं आणि मी त्याच्यातच हे मशीन तीन उन्हाळे वापरून राहिलो. व्हॉल्व्हनेच सांगितलेलं आहे की बाहेरचं तापमान ० ते ३५ असलं तर मशीन सगळ्यात चांगलं चालते. आतली चिप १०० डिग्रीला पोचली की स्वतःहून वेग कमी करते आणि १०५ ला बंद होते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी अचानक गेम रखडायला लागला तर सेटिंग शोधत बसू नका, ते मशीन स्वतःला वाचवून राहिलं आहे.

हवा मागून आत जाते आन् वरच्या कडेने बाहेर पडते. मांडीवर, उशीवर, गादीवर टेकवून खेळलं की मागचं तोंड बंद. मी सुरुवातीला उशीवर ठेवून खेळायचो आणि वाटायचं की मशीनच खराब आहे, मग एक दिवस हातात धरून बघितलं तर तोच गेम दहा डिग्री कमी. गाडीत तुम्ही बॅग मांडीवर ठेवून त्याच्यावर डेक टेकवत असाल तर तेच होत असेल.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे उन्हाच्या दिवसात चार्जिंगला लावून जड गेम खेळू नका, बॅटरी चार्ज होतानाची गर्मी आणि चिपची गर्मी एकाच डब्यात जमा होते, बॅटरी लवकर म्हातारी होते ती याच्याने. दुसरं, कूलरची हवा थेट मशीनवर घेऊ नका, ती ओली असते. खोलीत कूलर चालू असू द्या पण मशीन पंख्याच्या हवेत. उन्हाळ्यात दुपारी मी टीडीपी १० च्या वर जाऊच देत नाही, जड गेम रात्री अकरानंतर. बायको म्हणते हा माणूस मशीनसाठी झोप सोडून राहिला, पण मशीन तीन वर्षांत एकदाही बिघडलं नाही ना.

आणि बॅगेत टाकण्याआधी पॉवर बटण एकदा दाबून स्क्रीन खरंच बंद झाली का ते बघत जा. चालू मशीन बंद बॅगेत म्हणजे भट्टीच.

दुपारची_शिफ्ट

मी रत्नागिरीची, माझी शिफ्ट ड्युटी असते त्यामुळे माझा खेळायचा वेळ तुकड्यातुकड्यांचा, वीस मिनिटं इथे, पंधरा तिथे. मला विचाराल तर या मशीनची सगळ्यात मोलाची गोष्ट ग्राफिक्स नाही, वरचं पॉवर बटण आहे. गेम जिथे असेल तिथे एकदा दाबायचं, झोपतं. परत दाबलं की त्याच ठिकाणी, त्याच क्षणी उभं. पीसीवर गेम लावायला बसायचं तर आधीच दहा मिनिटं जातात, मग आईची हाक आली की सगळं मोडतं. हे आल्यापासून मी तीन मोठे गेम पूर्ण केले, आधी वर्षात एकही होत नव्हता.

फक्त एक सांभाळा. गेम झोपवून ठेवलात तर बहुतेक गेमची सेव्ह क्लाउडवर जात नाही, ती गेम नीट बंद केल्यावर जाते. घरी पीसीवर तोच गेम पुढे खेळणार असाल तर गाडीतून उतरल्यावर घरच्या वायफायवर गेममधून बाहेर पडा, वर चढवल्याची खूण दिसली की मग पीसी लावा. माझी एकदा चार तासांची प्रगती अशी गेली, दोन ठिकाणी दोन वेगळ्या सेव्ह झाल्या आणि मी घाईत चुकीची निवडली.

घाटात गेम सुरू का झाला नाही तर तुम्ही तो डाउनलोड करून तसाच नेला असणार. पहिल्यांदा सुरू करताना प्रत्येक गेम काही ना काही इन्स्टॉल करतो, प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा जो थर आहे तो आपलं घरटं बांधतो, काही गेम त्यांच्या कंपनीचं लॉगिन मागतात. म्हणून नवीन गेम घरी एकदा सुरू करा, मेन्यू पार करून प्रत्यक्ष खेळापर्यंत जा, दोन मिनिटं फिरा, मग बंद करा. आदल्या रात्री सेटिंग्जमध्ये इंटरनेटच्या खाली ऑफलाइन मोड आहे तो चालू करा आणि एकदा गेम उघडून खात्री करा. कोकण रेल्वेने जाताना माझ्याकडे हाच नियम, बोगदे आमच्याकडेही कमी नाहीत. काही गेम मात्र इंटरनेटशिवाय उघडतच नाहीत, ते प्रवासाच्या यादीतून काढून टाका.

डाउनलोडबद्दल पण सांगते, घरी पीसीवर तोच गेम असेल तर डेकवर परत नेटवरून उतरवू नका. दोन्ही एकाच वायफायवर, दोन्हीकडे स्टीम चालू आणि लॉगिन केलेलं, की डेक तो गेम पीसीकडूनच ओढून घेतो. २०२३ पासून ही सोय आहे. आमच्याकडे पावसाळ्यात नेट दिवस दिवस रडतं, तेव्हा ७० जीबीचा गेम असाच घरातल्या घरात आणला.

आणि ते दोन चौकोनी ट्रॅकपॅड नुसते शोभेला ठेवू नका हो. मी सिव्हिलायझेशन ६ खेळते, माउसचा गेम आहे, उजव्या ट्रॅकपॅडवर अंगठा फिरवायचा आणि दाबलं की क्लिक. गेमच्या पानावर कंट्रोलरचं चिन्ह असतं त्यात दुसऱ्या लोकांनी बनवलेले लेआउट मिळतात, स्वतः बनवायच्या आधी ते बघा. मागच्या बाजूला चार बटणं आहेत त्यावर मी नकाशा, सामान आणि क्विक सेव्ह ठेवलंय, अंगठे जागचे हलतच नाहीत. नेमबाजीच्या गेममध्ये जायरो (मशीन हलवून नेम धरायचा सेन्सर) चालू करा, उजव्या काठीवर अंगठा टेकलेला असेल तेव्हाच जायरो चालेल असं ठेवता येतं, मोठी हालचाल काठीने आणि शेवटचा नेम मनगटाने. गाडी हलत असताना मात्र बंद ठेवा.

राजी खेळला नसाल तर तो घ्याच, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला, २०२० चा. छोटा आहे पण आपल्या मातीतली गोष्ट आणि चित्रं मोठ्या प्रेमाने केलीत. माझ्याकडे डेकवर छान चालला.

रंकाळ्याकाठी

विंडोज टाकू नका भावा. मी टाकलं होतं, दोन महिने वापरलं, परत स्टीमओएसवर (डेकची मूळची लिनक्सवाली सिस्टीम) आलो. वर ताईंनी जे झोपवून उठवायचं सांगितलं ना, ते विंडोजवर भरवशाचं नाही, माझं बॅगेत स्वतःहून जागं व्हायचं. तीन ठिपक्यांचा तो मेन्यू तिथे तसा मिळत नाही, ट्रॅकपॅड आणि जायरोला बाहेरची सॉफ्टवेअर शोधत बसावं लागतं, अपडेट आलं की अंगठ्याने छोट्या छोट्या बटणांवर टिचक्या मारत बसा. एवढं सगळं एका गेमसाठी?

एफसीचं खरं कारण असं की त्याच्यात जे अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) आहे ते लिनक्सवर चालतच नाही. व्हॅलोरंट, फोर्टनाइटचं पण तेच. एपेक्स लेजंड्स आधी लय मस्त चालायचा, २०२४ च्या शेवटी त्यांनी लिनक्सला बंदी घातली. जीटीए ५ ची कथा चालते पण ऑनलाइन २०२४ च्या सप्टेंबरपासून बंद. यात मशीनची ताकद कमी पडत नाही, गेमवाल्यांनीच दार बंद केलंय, त्यामुळे कुठलीही सेटिंग लावून ते उघडणार नाही. विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या, स्टीमवर हिरवी खूण म्हणजे व्हेरिफाइड, पिवळी म्हणजे थोडी खटपट करून चालेल, आणि दुसरी प्रोटॉनडीबी नावाची साइट, तिथे लोकांनी कोणत्या सेटिंगने कसा चालला ते लिहिलेलं असतं. हिरवी खूण नाही म्हणून सोडून देऊ नका, खूण नसलेले कितीतरी गेम नादखुळा चालतात.

एपिक नावाच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला फुकट मिळणारे गेम जमवले असतील तर तेही वाया जात नाहीत. डेस्कटॉप मोडमध्ये डिस्कव्हर (सॉफ्टवेअर घ्यायची जागा) उघडा, हेरोइक गेम्स लाँचर टाका, एपिक आणि जीओजी (हेही गेमचं दुकान) यांचं लॉगिन करा, आणि गेम स्टीममध्ये जोडला की नेहमीच्या मेन्यूतूनच सुरू होतो. माझी अर्धी लायब्ररी तिथली आहे.

एफसी खेळायचाच असेल तर वर साठवाल्यांनी सांगितलंय तसं घरच्या विंडोज पीसीवर चालवा आणि डेकवर बघा.

पंचवटी_पास

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. इन्फो सेंटरमध्ये बघितलं, ४० ची ३६ झालीये. विंडोजचा विषय संपवला. आता चार्जरचं विचारतो, माझ्याकडे मोबाईलचा ६७ वॅटचा चार्जर आहे, तो लावला की डेक म्हणतो स्लो चार्जर. ६७ वॅट आहे तर स्लो कसा? आणि कार्डचं पण कुणीतरी सांगा.

दुकानातला_टेबल

चार्जरचं मी सांगतो, लातूरला आमचं मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, हा प्रश्न आठवड्याला एकदा येतो. तुमच्या चार्जरवरचे ६७ वॅट हे त्या फोन कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे आहेत, ते फक्त त्यांच्या फोनशी बोलतात. डेकला यूएसबी पीडी नावाची भाषा लागते, त्यात १५ व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे ४५ वॅट. चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, तिथे पीडीच्या पुढे १५ व्होल्ट ३ अँपिअर दिसलं की घ्या, नाही दिसलं तर १२० वॅट लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही. दोन्ही टोकाला टाइप-सी असलेली केबल हवी. चार्जरचं तोंड चपट्या जुन्या यूएसबीचं असेल तर तिथेच समजा की जमणार नाही. मावसभावाकडे मूळ चार्जर राहिला असेल तर मागवून घ्या, तो १०० ते २४० व्होल्टचा आहे, अमेरिकन पिनला साधा अडॅप्टर लावला की झालं. डब्यातल्या ११० व्होल्टच्या प्लगवर पण तो चालतो.

पॉवर बँकेला पण हाच नियम, पीडी ४५ वॅट. २०००० एमएएच म्हणजे आतमध्ये ७४ वॅट-अवर, वाटेत गळती धरून डेक साधारण दीड वेळा भरतो. विमानात १०० वॅट-अवरच्या आतली चालते तर ही चालेल, पण हातातल्या बॅगेत.

कार्डचं. डेकचा कार्डचा खाचा यूएचएस-१ चा आहे, त्यातून सेकंदाला १०० एमबीच्या आसपासच मिळतं, त्यामुळे फार महागडं वेगवान कार्ड घेऊन पैसे घालवू नका, नावाजलेल्या कंपनीचं ए२ लिहिलेलं ५१२ जीबीचं पुरे. पण नकली कार्डांपासून फार सांभाळा. आमच्याकडे १ टीबीची म्हणून आणलेली कार्डं येतात, आत ३२ जीबी निघतात, भरेपर्यंत कळत नाही आणि मग फाइली गायब. घेतल्या घेतल्या विंडोज पीसीवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे त्याने पूर्ण कार्ड लिहून-वाचून बघा, काही तास लागतात पण परत करायची मुदत असते तोवर कळतं. मगच डेकमध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट झाल्यावर ते विंडोजवर दिसणार नाही, घाबरू नका, लिनक्सची पद्धत वेगळी आहे.

एक लक्षात घ्या, गेम कार्डवर टाकला तरी त्याचे शेडर (ग्राफिक्ससाठी आधीच तयार केलेल्या फाइली) आणि प्रोटॉनचं सामान आतल्या डिस्कवरच साठतं. स्टोरेजमध्ये अदर म्हणून जो मोठा ढीग दिसतो तो बरेचदा हाच. जुने न खेळलेले गेम काढून टाकले की बराचसा मोकळा होतो.

आणि पुढे-मागे आतली एसएसडी बदलावी वाटली तर २२३० मापाची लागते, लॅपटॉपची नेहमीची २२८० लांब असते, बसत नाही. काम अवघड नाही पण उघडायच्या आधी एसडी कार्ड बाहेर काढा, हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कार्ड आत ठेवून मागचं झाकण ओढलं की कार्डाचे दोन तुकडे होतात, मी टेबलावर असे तुकडे बघितलेत. बायोसमधून (मशीनची मूळ सेटिंग्ज असतात ती जागा) बॅटरी स्टोरेज मोडवर टाका म्हणजे करंट राहत नाही. मागे आठ स्क्रू, चार लांब चार आखूड, कुठला कुठून काढला ते कागदावर मांडून ठेवा. एलसीडी मॉडेलमध्ये स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये बसतात, परत लावताना आधी उलटा फिरवा, टक् करून चाकोरीत बसला की मग सुलटा, आणि जोर लावू नका. आपल्याकडे याची अधिकृत विक्री नाही म्हणजे वॉरंटीचा दरवाजा पण नाही, त्यामुळे स्क्रूची चाकोरी गेली तर गेली.

बायोसवरून आठवलं, काही व्हिडिओत ग्राफिक्सची मेमरी १ जीबीची ४ जीबी करा, व्होल्टेज कमी करा वगैरे सांगतात. काही गेमला फरक पडतो, काहींना अजिबात नाही, आणि व्होल्टेजचं गणित चुकलं की मशीन मध्येच गोठतं. मग ते ग्राहक माझ्याकडे येतात. पहिले सहा महिने तिकडे हात लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारची_शिफ्ट

दुकानवाले दादा, स्क्रू उलटा फिरवायची युक्ती आजच कळली, धन्यवाद.

पंचवटी, मुलगी आहे म्हणालात म्हणून अजून एक सांगते. घरी टाइप-सीचा हब लावून डेक टीव्हीला जोडा, कीबोर्ड-माउस लावा, डेस्कटॉप मोडमध्ये तो पूर्ण कॉम्प्युटर आहे. डिस्कव्हरमधून लिब्रेऑफिस घेतलं, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये देवनागरी लेआउट जोडला, माझ्या भाचीने शाळेचा प्रकल्प त्याच्यावर मराठीत टाइप केला. सॉफ्टवेअर डिस्कव्हरमधूनच घ्यायचं एवढं पाळा, कमांड लिहून सिस्टीममध्ये टाकलेलं पुढच्या अपडेटला पुसलं जातं. आणि असा तासन्‌तास चार्जरवर ठेवणार असाल तर सेटिंग्जमध्ये पॉवरच्या खाली चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करता येते, सिस्टीम अपडेट केलेली असली की दिसते. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी काढून १०० करायची.

पंचवटी_पास

तीन आठवड्यांनी परत लिहितोय. ४० एफपीएस, डायरेक्टएक्स ११, टीडीपी ११, ब्राइटनेस निम्मा, ऑफलाइन. ओव्हरले १५ च्या आसपास दाखवतं. पहिल्या दिवशी नाशिकरोडला १०० टक्के होती, इगतपुरीला ६३, कसाऱ्यानंतर विचर नीट बंद करून हेडीस लावला, आणि दादरला उतरताना ११ टक्के शिल्लक. पहिल्यांदाच मशीन मी बंद केलं, ते स्वतःहून झालं नाही. मांडीवरची बॅग काढून हातात धरायला लागलो तर फॅन जवळजवळ ऐकूच येत नाही, काका आता निवांत झोपतात, परवा जाग आली तेव्हा त्यांनीच विचारलं की हे काय आहे आणि यात पत्ते खेळता येतात का. स्टीमवर शोधतोय त्यांच्यासाठी.

चार्जर मावसभावाने कुरिअर केला. कार्ड ५१२ चं घेतलं आणि पूर्ण तपासलं, पहिलं नकली निघालं, परत केलं, दुसरं खरं मिळालं. येतानाच्या प्रवासासाठी ऑफिसमध्ये दुपारी चार्ज करून घेतो.

राजी मुलीबरोबर टीव्हीला लावून सुरू केलाय. तिला तो इतका आवडलाय की रविवारी मला कंट्रोलर मिळत नाही, मी शेजारी बसून बघतो.